अश्लेषाच्या पुस्तकात मी

३ डिसेंबर, मंगळवार

आज सुशील नावाचा मुलगा आला होता. मुलगा म्हणजे पस्तिशीचा असेल. अश्लेषाचं पुस्तक तो लिहितो आहे. ती सांगते, तो लिहितो आणि वर नाव तिचं. असं चालतं म्हणे. गेल्या महिन्यात तिने खेळणं सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून प्रतापनगरच्या चौकात तिचा फोटो लागला आहे, माझ्या दारापेक्षा उंच. खाली लिहिलंय, ‘नागपूरची शान, भारताची कर्णधार’. मूळची ती नरखेडकडची, संत्र्याच्या वाडीवरची. पण ते कोण लिहितो.

सुशील दोन तास बसला. यांच्याबद्दल विचारत होता. सर किती वाजता उठायचे, रागवायचे का, हिंगण्याच्या कारखान्यात फिटरची ड्युटी करून दोन्ही वेळा ग्राउंडवर बास्केटबॉल शिकवायला कसे पोचायचे, अश्लेषा सरांना पहिल्यांदा कुठे दिसली. मी सगळं सांगितलं. तालुक्याच्या खो-खोत ती अनवाणी पळत होती, तेरा वर्षांची आणि उंचीने यांच्या खांद्याच्या वर. त्या दिवशी हे घरी आले ते जेवायचं विसरले. म्हणाले, ‘कौशल्या, अशी पोरगी मी आजवर पाहिली नाही.’ आमच्या घरात तेव्हा तेरा वर्षांची एक पोरगी होतीच. मिनल. तीही बास्केटबॉल खेळायची. हे मी सुशीलला सांगितलं नाही.

मला त्याने दोनच प्रश्न विचारले. सर चहात साखर घ्यायचे का, आणि बाथरूम कुठे आहे.

तो गेल्यावर यांच्या ग्राउंडच्या वह्यांतली एक कोरी वही काढली. चार वर्षं होतील एप्रिलमध्ये, हे गेल्याला. वहीला अजून त्यांच्या पिशवीचा, रबराचा वास आहे. हेवा वाटतो मला त्या पोरीचा. वहीत लिहायला काय लाजायचं.

८ डिसेंबर, रविवार

सुशीलला जुने फोटो हवेत. ट्रंक उपसली. हे सगळ्या फोटोंत शिट्टी गळ्यात घालून उभे आहेत, आणि शेजारी अश्लेषा. एका फोटोत मागे खिडकी आहे, खिडकीत एक हात दिसतो. तो माझा असावा. पोळपाट धुऊन खिडकीत वाळत ठेवत असेन.

अडीच वर्षं ती आमच्या घरी राहिली. नऊ पोळ्या खायची. नऊ! मी मोजायची नाही, पण कणीक मोजायची. तिचे मोजे मी धुवायची, तिच्या केसांतल्या उवा काढायची. पहिल्या आठवड्यात तिने मला ‘आई’ अशी हाक मारली. मी म्हटलं, ‘आई नको म्हणू वं. काकू म्हण.’ मिनल तिथेच बसली होती, तिच्यासमोर तिची हाक दुसरीला कशी देणार? हे म्हणाले, ‘काय बिघडते बापा?’ यांना ‘सर’ म्हणायची, ‘बाबा’ नाही. म्हणून यांचं काही बिघडत नव्हतं.

टीव्हीवर, पेपरात, कुठेही बघा, ‘सरांनी मला घडवलं.’ बरोबरच आहे, घडवलं. पण वीस वर्षांत एकदासुद्धा ‘काकू’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मी वाचनालयातून किती आत्मचरित्रं आणून वाचली आहेत. त्यांत बायको दोन ओळींत येते, हे मला माहीत आहे. पण दोन ओळी तरी येतात.

१५ डिसेंबर, रविवार

आज टीव्हीवर तिची मोठी मुलाखत झाली. बाईने विचारलं, ‘तुम्ही एकदा नागपूर सोडून गावी निघून गेला होतात ना?’ अश्लेषा हसली. म्हणाली, ‘हो, ताप आला होता खूप. घाबरून घरी पळाले. सर घ्यायला आले. मग वसतिगृहात राहिले.’

खोटं आहे. ताप वगैरे काही नव्हता.

मी हे कधी कोणाला सांगितलं नाही. आज लिहिते.

आमच्या घरी बायकांनी महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची रीत होती. सासूबाईंनी लावलेली. त्या गेल्यावर मी ती तशीच चालू ठेवली. पुढच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाक हे करायचे. खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर लावून लावून वाचायला मी त्या चटईवर शिकले. हे वाचनालयातून पुस्तकं आणून दारातून सरकवायचे. घरात मला तेवढीच विश्रांती होती. मिनल वयात आली तेव्हा तिलाही मी चटई दिली आणि पुस्तक दिलं. तिने पुस्तक उघडलं नाही. ती भिंतीवर बॉल आपटत बसायची.

अश्लेषासाठी हे म्हणाले, ‘तिची प्रॅक्टिस बुडते. तिले नको बसवू.’ मी म्हटलं, ‘माझ्या घरात राहायचं तर माझी रीत.’ मग तीही बसू लागली.

२००६ चं नवरात्र. घट बसले होते, अखंड दिवा होता. राज्याच्या संघाची निवड पाचव्या माळेला होती, इथेच नागपुरात. मिनलचा दुसरा दिवस होता. हे दारात बूट घालून उभे राहिले, म्हणाले, ‘जाऊ दे तिले. घराबाहेर तर जाऊन राहिली, घटाले कुठं शिवते?’ मी म्हटलं, ‘तिथून परत येईल, पोरींत मिसळून, प्रसाद खाऊन, आणि याच उंबऱ्यातून आत येईल. नऊ दिवस मी उपाशी कशासाठी राहते?’ मिनल चटईवरच राहिली. हे एकट्या अश्लेषाला घेऊन गेले. अश्लेषाची निवड झाली.

दसरा झाल्यावर गाद्या उन्हात टाकल्या. अश्लेषाच्या गादीखाली धुऊन लपवलेल्या कापडाच्या घड्या सापडल्या. नवरात्रातल्या त्याच दिवसांच्या. म्हणजे ती पण बसायला हवी होती. आणि रोजची माळ तीच बांधत होती, माझ्याच सांगण्यावरून, कारण खिळ्यापर्यंत तिचाच हात पोचायचा.

हे ड्युटीवर होते. मी तिची पिशवी अंगणात फेकली. म्हटलं, ‘माझ्या घटाले शिवली. माझ्या पोरीची जागा घेतली. निघ माझ्या घरातून.’ ती पंधरा वर्षांची होती. चपला हातात घेऊन निघाली, फाटकाबाहेर जाऊन घातल्या. एसटीने एकटी गावी गेली.

यांना मी सांगितलं, ती आपल्या मनाने गेली.

म्हणजे तीही खोटं बोलली आणि मीही. पण तिचं का? लाज वाटत असेल केलेल्याची. दुसरं काय.

२२ डिसेंबर, रविवार

मिनल आली होती. हिंगण्यालाच एका कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. आज सुट्टी होती. अश्लेषाच्या वाडीवरून संत्र्यांची पेटी आली आहे, दर हिवाळ्यात येते. मी खात नाही. मिनल पायावर पाय टाकून सोलत बसली.

मी म्हटलं, ‘पुस्तकात काय काय येते पाहू. तुझी जागा घेतली हे तर येणार नाही.’

मिनल हसली. ‘जागा कुठं घेतली वं आई? जागा रिकामी होती.’

‘लपवून गेली ती.’

‘मीच सांगतलं होतं तिले लपव म्हणून.’

मिनल सोलतच राहिली. म्हणाली, ‘ती रडून राहिली होती त्या सकाळी. म्हणे, मी पण बसते, नाहीतर देवी कोपन. मी चटईवरूनच म्हणलं, वेडी आहेस का, दोघी बसून काय लोणचं घालायचं? एक तरी जा. माझ्या कापडाची घडी मीच दिली तिले.’

‘मले काहून नाही सांगितलं?’

‘तू पिशवी फेकली तेव्हा मी शाळेत होती. आल्यावर तू म्हणाली, गेली. मंग कोणाले सांगू?’ दुसरं संत्रं उचलून म्हणाली, ‘आणि तुले सांगितलं असतं तर तू मलेच बसवलं असतं ना, शिक्षा म्हणून. आणखी चार दिवस.’

त्या दोघी दर आठवड्याला फोनवर बोलतात, हेही आजच कळलं. अठरा वर्षं. माझा नवरा पहाटे तिचा होता, संध्याकाळी तिचा होता. माझी पोरगीही तिचीच निघाली. मी चौदा वर्षं यांच्यापासून आणि अठरा वर्षं हिच्यापासून लपवलं, आणि हिला ते सगळं कधीचं माहीत होतं.

पेटीतली उरलेली संत्री शेजारी वंदनाकडे दिली. मुद्दाम.

६ जानेवारी, सोमवार

सुशीलने पुस्तकाची नागपूरची पानं पाठवली. चिठ्ठी होती: ‘अश्लेषाताई म्हणतात, काकूंनी वाचल्याशिवाय हे प्रकरण छापायचं नाही.’ काकूंनी! म्हणजे शब्द येतो तिला.

प्रकरणाचं नाव ‘सरांच्या घरी’. पेन्सिल घेऊन बसले. मला पेन्सिलीशिवाय वाचता येत नाही, सवयच तशी. ताप आहे, छापील अक्षरांत. माझ्यावर एक ओळ आहे: ‘सरांच्या घरी मला पोटभर जेवण आणि माया मिळाली.’ घरी! भिंती पोळ्या लाटत होत्या का?

आणखी एक वाक्य आहे. हे तिला आणायला वाडीवर गेले, तेव्हाचं. ‘सर म्हणाले, आता घरी नको, वसतिगृहात राहा, तिथे तुला महिन्याचे सगळे दिवस खेळता येईल.’ या वाक्यापुढे मी प्रश्नचिन्ह केलं. सगळे दिवस म्हणजे? सुशीलने काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.

८ जानेवारी, बुधवार

भाजी चिरताना कळलं.

सगळे दिवस.

म्हणजे चटईचे चारही. यांना माहीत होतं. मी सांगितलं ते खोटं आहे, हे तिला आणायला गेले तेव्हा वाडीवरच त्यांना कळलं होतं. परत आले तेव्हा मी ताट वाढलं. त्यांनी हात धुतले, बसले, जेवले. ‘मीठ कमी आहे’ म्हणाले. त्यानंतर चौदा वर्षं माझ्या हातचं जेवले आणि एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्या वर्षी नवरात्रात म्हणाले, ‘यंदा घट नको बसवू, तुझ्याने उपास झेपत नाही.’ मला वाटलं, काळजी.

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. गेलेल्या माणसाशी काय करायचं. आज कूकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला. तोच खाल्ला.

१३ जानेवारी, सोमवार

अश्लेषा आली. आधी फोन नाही, काही नाही. गल्लीतली पोरं गाडीभोवती जमली.

‘दार लहानच आहे अजून, काकू.’

‘दार तेवढंच आहे. तूच वाढत गेली. वाक.’

वाकून आली. स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली, पाय पार भिंतीला टेकले. मी विचारलं नाही, पोळ्या टाकल्या. पाच खाल्ल्या. म्हणाली, ‘आता नऊ नाही जात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून वजन पाहा लागते.’

मी तव्याकडे बघत विचारलं, ‘ताप काहून लिहिला?’

‘मंग काय लिहू?’

‘वीस वर्षांत माझं नाव नाही घेतलं कुठं. मी काय भूत होती घरातली?’

तिने ताट सरकवलं. ‘तुमचं नाव घेतलं काकू, तर समोरचा लगेच विचारते, मंग असं घर सोडलं काहून? दोन-तीनदा झालं असं. तुमचं नाव आलं की गोष्ट तिथंच येते. म्हणून मी नावच नाही घेत.’

मला वाईट वाटायला हवं होतं. राग आला. एवढा मोठेपणा करायला हिला कोणी सांगितलं होतं? खेळात मोठी, मनानेही मोठी. दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा तरी ठेव.

ती म्हणाली, ‘फ्री थ्रोच्या आधी मी कानाले हात लावते ना? लोक म्हणतात सरांची आठवण काढते. पोरं पण तसंच करतात. त्या दिवशी निवडीत पहिले दोन फ्री थ्रो चुकले माझे. याच हातानं माळ बांधली होती ना सकाळी. मंग कान पकडून देवीले म्हणलं, माफ कर. तिसरा गेला. तेव्हापासून सुटलंच नाही.’

भारताच्या कर्णधारावर देवी कोपली नाही. पण अठरा वर्षं प्रत्येक वेळी तिने माफी मागितली. ही भीती तिला मीच दिली. शिकवायचं म्हणून यांनी तिला एवढं शिकवलं, आणि त्यात माझं हे एवढंच आहे.

‘सरांना कोणी सांगितलं?’

‘मी नाही. माझी माय बोलली असन. सर विहिरीजवळ बसून राहिले लय वेळ. मंग म्हणाले, तुझ्या काकूले मी काही म्हणणार नाही. मिनलले चटईवर ठेवून मी दारातून निघून गेलो, ती चूक माझी आहे.’

पोळी तव्यावर जळली. तिनेच उठून गॅस बंद केला. डोकं छताच्या पंख्याला लागेल असं वाटलं मला, लागलं नाही.

जाताना म्हणाली, ‘काकू, तुम्ही खोडाल ते खोडते. तुम्ही लिहाल ते छापते. काहीच नाही केलं तर ताप राहते. मले तिन्ही चालते.’

तिला तिन्ही चालतं. मला एकही चालत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

उद्या, शुक्रवारी, पानं परत द्यायची आहेत. ताप राहिला तर मी चांगली राहते, पण एका ओळीत, आणि तीही बिननावाची. खरं लिहिलं तर पुस्तकात मी असेन. पण कशी? वाचनालयातल्या बाया वाचतील. वंदना वाचेल. यांची बायको म्हणून आजवर जी खुर्ची मिळत आली, ती ग्राउंडवरच्या कार्यक्रमात कोणी उचलून नेईल.

मिनलला फोन केला. म्हटलं, ‘खरं लिहायचं तर तुझंही लिहावं लागेल.’

‘लिही.’

‘लोक काय म्हणतील?’

‘म्हणू दे. फक्त माझी दया येईल असं नको लिहू. मी चांगली खेळायची, तेवढं लिही. डाव्या हाताने तिच्यापेक्षा चांगली.’

‘हो ना वं,’ मी म्हटलं. ‘पुष्कळ चांगली.’

ती म्हणाली, ‘हे तू पहिल्यांदा बोलली.’

आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं मी रोजच बोलते. मनात तर रोज बोलते.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिहिलं. चार वेळा लिहिलं, तीन कागद फाडले. पहिल्यात सासूबाईंची रीत, काळ तसा होता, असं पुष्कळ आलं होतं. ते काढलं. दुसऱ्यात रडगाणं. तेही काढलं. शेवटी अश्लेषाच्या तोंडी हे उरलं:

‘मला ताप आला नव्हता. काकूंनी मला घरातून काढलं. त्यांच्या घरी पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची रीत होती. ती मी नवरात्रात मोडली. त्याच रीतीमुळे त्यांची मुलगी मिनल निवडीला जाऊ शकली नाही. तिचा डावा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी जावं हे तिनेच ठरवलं. त्याआधी अडीच वर्षं काकूंनी मला रोज जेवू घातलं. त्यांचं नाव कौशल्या.’

‘सरांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं’ असं एक वाक्य होतं. ते खोडलं.

दुपारी सुशीलचा फोन आला. त्याला ‘पाळी’ शब्द उच्चारवेना. ‘काकू, ते... त्या दिवसांचं... असंच छापायचं? थोडं सौम्य करता येईल. गैरसमज झाला, असं म्हणू.’

‘गैरसमज नव्हता. मला चांगलं समजत होतं.’

‘सरांच्या प्रतिमेला...’

‘सर तुमच्या पुस्तकात पानोपानी आहेत. त्यांना काही होत नाही. हे पान माझं आहे.’

पानं उलटल्याचा आवाज आला. ‘ठीक आहे. ताईंनी तसंच सांगितलंय, काकू म्हणतील ते. शेवटचं फक्त एक. प्रकरणाचं नाव “सरांच्या घरी” तेच ठेवू ना?’

मी दारात उभी होते. अंगणात ऊन होतं, जिथे पिशवी पडली होती तिथे आता वंदनाच्या पापडांची खाट आहे.

म्हटलं, ‘नाही. सर घरात किती असायचे? दिवसभर कारखान्यात, उरलेला वेळ ग्राउंडवर. घर माझं होतं. मी तिला घेतलं ते याच घरात आणि काढलं ते याच घरातून. “काकूंच्या घरी” करा.’

‘नक्की, काकू?’

‘नक्की. आणि ताप जिथं जिथं आहे, तिथून काढा.’